जिन्याखालच्या खोलीचं कुलूप काढा

मा. प्राचार्य,
तसेच संस्थेचे मा. अध्यक्ष, सचिव व संचालक मंडळ,
कोल्हापूर

सविनय नमस्कार.

मी आपल्या महाविद्यालयाची माजी विद्यार्थिनी. २०११ ते २०१४, बीएस्सी, रसायनशास्त्र. महाविद्यालयाचं नाव या पत्रात मुद्दाम घातलेलं नाही. बदनामी करायची हौस नाही, हे एक. आणि हे वाचून जिल्ह्यातल्या आणखी चार प्राचार्यांना 'हे आपल्याबद्दलच लिहिलंय की काय' असं वाटलं, तर बरंच आहे. आधी साध्या कागदावर अर्ज दिला होता. आवक-जावकला शिक्का मारून घेतला, त्याला तीन आठवडे झाले. उत्तर आलं नाही, म्हणून हे उघड लिहिते आहे.

माझ्या थोरल्या भावाचा मुलगा आपल्याकडे शिकतो. तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशासाठी जूनमध्ये मी त्याच्याबरोबर आले होते. फीची रांग लांब होती, म्हटलं तोवर जुनी खोली बघून येऊ. ग्रंथालयाकडे जाणाऱ्या जिन्याखालची, तिरक्या छताची. उंच माणसाला आत शिरताना मान वाकवावी लागायची. दारावर निळा बोर्ड असायचा, 'विद्यार्थी मार्गदर्शन कक्ष'. तो नव्हता. भिंतीवर चार स्क्रूंची भोकं होती आणि बोर्डाच्या मापाचा एक पांढरा चौकोन. बाकीची भिंत मळलेली, तेवढाच भाग स्वच्छ. दाराला कुलूप.

शिपाईमामा जुनेच. त्यांनी ओळखलं. म्हणाले, "ताई, ती खोली आता नॅकच्या फायलींना दिलीया, एप्रिलपास्नं." नॅक म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी परिषद. त्यांना काहीतरी ठेवायला आत जायचंच होतं, म्हणून त्यांनी कुलूप काढलं. मुलांना सल्ला देणाऱ्या मॅडमचं टेबल होतं तिथं आता लोखंडी रॅक. रॅकवर खच्चून भरलेल्या बॉक्स फायली. डोळ्यांसमोर आली त्या फायलीच्या पाठीवर स्केचपेननं लिहिलं होतं : 'निकष २, मेंटॉर-मेंटी'.

म्हणजे मुलांना सल्ला मिळतो याचे पुरावे ठेवायला, सल्ला मिळायची खोली रिकामी केली. रात्री जेवताना हे घरी सांगितलं तर भाऊ हसला. त्याचा मुलगा हसला नाही. "आत्ती, हे बघ," म्हणून त्यानं मोबाइलमधला एक फोटो पुढं केला.

फोटो त्याच्या मेंटॉर-वहीचा होता, म्हणजे नेमून दिलेल्या मार्गदर्शक शिक्षकाच्या भेटी जिच्यात लिहितात त्या वहीचा. दोन वर्षांतल्या सहा भेटींच्या नोंदी. 'विद्यार्थ्याची अडचण : नाही. मेंटॉरचा सल्ला : नियमित उपस्थित राहावे, अभ्यासात सातत्य ठेवावे.' सहाही ठिकाणी हेच, एकाच शाईत, एकाच हातानं. मे महिन्यात अख्ख्या वर्गाला बोलावून सहा सह्या एका बैठकीत करून घेतल्या. त्यानंही केल्या, नॅक समितीच्या भेटीआधी कोण नाही म्हणणार? त्यातली एक तारीख आहे २६ जुलै २०२४. त्या दिवशी हा पोरगा गगनबावडा तालुक्यातल्या आमच्या घरात होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडलेली, मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी, एसटी बंद. मेंटॉर सर त्याला कुठं भेटले असतील, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

मी एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडं नमुना न लावता रजिस्टरला फॅट लिहिणारा माणूस दुसऱ्या दिवशी कामावर राहत नाही. कारण त्या आकड्यावर कुणाचं तरी दहा दिवसांचं बिल निघतं, आणि कमी फॅट लागली तर तो शेतकरी सकाळी किटली घेऊन दारात उभा राहतो. तुमच्या रजिस्टरवर कुणी विचारायला येत नाही, एवढाच फरक.

आता मला या एका खोलीचं एवढं काय पडलंय, ते सांगते.

दहावीपर्यंत माझं सगळं मराठीत झालं. अकरावी-बारावी कशीबशी निभावली. बीएस्सी भाग एकला वर्गात मागच्या बाकावर बसून मी फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवून घ्यायची आणि परतीच्या गाडीत त्याचा अर्थ लावायची. पहिल्या सत्रात भौतिकशास्त्र आणि गणित, दोन्ही गेले. घरात सांगितलं नाही. नऊ दिवस मी कॉलेजला म्हणून निघायची, रंकाळा स्टँडला उतरायची आणि तलावाच्या काठानं संध्यामठाच्या अंगाला जाऊन बसायची. डबा तिथंच खायचा, दुपारची गाडी धरायची. दहाव्या दिवशी ग्रंथालयाचं पुस्तक परत करायची मुदत होती, म्हणून कॉलेजात पाऊल टाकलं. दंड वाचवायला गेले आणि माझं शिक्षण वाचलं, असं मी गमतीनं सांगते; पण ते अगदी तसंच झालं. ग्रंथालयातल्या काकांनी तोंडाकडं बघितलं, पुस्तक जमा केलं आणि म्हणाले, "खाली जिन्याखाली मॅडम बसल्यात. जा, भेटून ये. माझं नाव सांग."

मॅडम वनस्पतिशास्त्राच्या. साडेबारा ते दोन त्या तिथं बसायच्या, स्टीलचा डबा उघडा ठेवून. मला वाटलं होतं, आता विचारणार : नापास का झालीस? त्यांचा पहिला प्रश्न होता, "गाडी किती वाजता असते तुझी?" दुसरा, "अभ्यास करतेस त्या जागेला लाइट आहे का?" आणि तिसरा, "पेपरात कुठला प्रश्न आधी सोडवलास?" तिसऱ्याचं उत्तर मला देता आलं नाही. मग त्यांनी मला उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायला लावली. तशी ती मागवता येते आणि त्याला मुदत असते, हे मला त्या दिवशी कळलं. मुदतीचे चार दिवस उरले होते.

छायाप्रत आली ती आम्ही दोघींनी त्या टेबलावर पसरून बघितली. प्रत्येक प्रश्नाशेजारी समासात पेन्सिलनं मी तो प्रश्न मराठीत लिहून काढला होता. आधी प्रश्न मराठीत आणायचा, मग उत्तर मराठीत जुळवायचं, मग ते इंग्रजीत न्यायचं. शेवटचे दोन मोठे प्रश्न कोरे. जेवढं लिहिलं होतं त्याला बरे गुण होते. मॅडम म्हणाल्या, "तुझं फिजिक्स कच्चं नाही, तुला वेळ पुरत नाही. त्यावर औषध आहे."

औषध साधंच होतं. भाषा संचालनालयाचा भौतिकशास्त्र परिभाषा कोश ग्रंथालयात होता. आतल्या तारखांच्या कागदावर एकही शिक्का नव्हता, म्हणजे आजवर तो कुणी नेलाच नव्हता. रोज वीस शब्द. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायच्या, ग्रंथालयातच. मागे पडलेल्या मुलांचा उपचारात्मक वर्ग सकाळी आठला भरायचा, तेव्हा माझी गाडी अजून वाटेतल्या कळे गावातसुद्धा पोचलेली नसायची. मॅडमनी त्या सरांशी बोलून तो दीडला आणला. त्या वर्गात नंतर अकरा जण यायला लागले, सगळे एसटीवाले. 'कमवा व शिका'तून ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम मिळालं, पासाचे पैसे सुटले. दोन्ही विषय पुढच्या सत्रात निघाले. एटीकेटीचं वर्ष वाया गेलं नाही.

यातलं एकही काम मॅडमच्या कामाच्या तासांत मोजलं जात नव्हतं. त्या निवृत्त झाल्या आणि चार वर्षांत खोलीला कुलूप लागलं. एका माणसाच्या भलेपणावर चालणारी सोय ही संस्थेची सोय नव्हतीच, हे मला आता कळतंय.

माझी गाऱ्हाणी अशी.

पहिलं, मेंटॉर. वर सांगितलंच. पण दोष सगळा सरांवर ढकलायचा नाही. आमच्या पोराचे मेंटॉर तासिका तत्त्वावर आहेत. त्यांना शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात, तेही कधी मिळतील त्याची खात्री नाही. मुलाशी बोललेल्या अर्ध्या तासाचा एक रुपया मिळत नाही. दुसरीकडे आणखी एका कॉलेजवर तास असतो, म्हणून घंटा झाली की ते गाडीला किक मारतात. वर्ष संपताना करार संपतो, जूनमध्ये माणूस बदलतो. अशा माणसाच्या नावावर चाळीस मुलं टाकून 'गुणोत्तर' जमवलं जातं. कागदावर छान दिसतं. मुलांना सरांचं नाव माहीत नसतं आणि सरांना मुलांचं.

दुसरं गाऱ्हाणं विषय निवडीचं. यावर मी जरा थांबणार आहे, कारण आमच्या वेळी ही भानगडच नव्हती. विषयांचा गट घ्यायचा, तिसऱ्या वर्षी एक धरायचा, संपलं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयानं श्रेयांकांची, म्हणजे क्रेडिट्सची, सगळी रचना बदलली. आता मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे अभ्यासक्रम, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, क्षेत्रप्रकल्प. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिट्सची, चौथं वर्ष केलं तर १६० ते १७६ क्रेडिट्सची ऑनर्स. ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचाच घ्यायचा. धोरण चांगलं की वाईट, तो वाद वेगळा. माझं म्हणणं एवढंच की, जिथं निवड वाढते तिथं विचारायला माणूस वाढायला हवा. आपण तो कमी केला.

आमच्या पोरानं मायनर कसा निवडला, ऐका. त्याला मेजर रसायनशास्त्र आणि जोडीला गणित हवं होतं. पुढं बी.एड. करून हायस्कूलला विज्ञान-गणित शिकवायचं त्याच्या डोक्यात आठवीपासून आहे. वेळापत्रकात गणिताचा तास शेवटचा, तीन चाळीसला सुटणारा. त्याची गाडी साडेतीनची, त्यानंतरची गाडी घरी रात्री टेकवते. वनस्पतिशास्त्राचा तास एकच्या आत. त्यानं वनस्पतिशास्त्र घेतलं. एसटीच्या वेळेवर मायनर ठरला! विषय वाईट नाही, माझ्या मॅडमचाच आहे. पण "का घेतोस?" हे त्याला एका माणसानं विचारलं असतं, तर वेळापत्रक सरकवता आलं असतं, निदान दोन दिवस कुणाकडं राहायची सोय बघता आली असती. त्याला बदल करायचं सुचेपर्यंत बदलाची मुदत संपली होती. आणि ओपन इलेक्टिव्ह? तो नेट कॅफेवाल्यानं निवडला. "वाणिज्यचा टाकतो, सोपा असतोय," म्हणून त्यानं रांगेतल्या सगळ्यांना तोच टाकला. गावाकडच्या मुलांचा शैक्षणिक सल्लागार आज कॅफेवाला आहे. फॉर्ममागं पैसे घेतो, पण निदान जागेवर असतो.

शिवाय ही सगळी निवड कधी होते? जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडची पोरं पाण्यापायी घरात अडकलेली असतात. २०१९ आणि २०२१ चा महापूर सगळ्यांना आठवतो. पण रस्ता बंद पडायला महापूरच लागत नाही, चार दिवसांचा झडीचा पाऊस पुरतो. सूचना फलकावर लावलेली मुदत त्या चार दिवसांत येते आणि जाते.

एक उदाहरण त्याच्या वर्गातलं. पहिलं वर्ष झाल्यावर एका मुलीचं लग्न ठरलं. तिला वाटलं, वर्ष पूर्ण केलंय, आता प्रमाणपत्र घरी येईल. ४० ते ४४ क्रेडिट्स झाल्यावर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं हे खरं, पण त्यासाठी वरचा ४ क्रेडिट्सचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते. तिला हे निकालानंतर कळलं. तिची क्रेडिट्स अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा आहेत, जास्तीत जास्त सात वर्षं ती वापरता येतात, सासरच्या गावाजवळच्या कॉलेजात पुढं शिकता येईल, हे तिला आजही कुणी सांगितलेलं नाही. मी निरोप पाठवलाय. पण निरोप पाठवायचं काम दूध संघातल्या बाईचं आहे का?

तिसरं गाऱ्हाणं नाजूक आहे, थोडक्यात लिहिते. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेनं किमान एक पात्र समुपदेशक नेमायचा. परीक्षेच्या आणि बदलाच्या काळात मुलांच्या लहान गटांना ठरावीक मेंटॉर किंवा समुपदेशक द्यायचा. आपल्याकडं मुलांची संख्या हजारांत आहे. समुपदेशक म्हणून मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना 'अतिरिक्त कार्यभार' दिलाय, मंगळवारी बारा ते एक. त्या शिकवतात उत्तम, असं मुलं सांगतात. पण शिकवणं वेगळं आणि समुपदेशन वेगळं. ज्यांच्या हातात आपले अंतर्गत गुण आहेत त्यांच्यासमोर जाऊन "मला रात्री झोप लागत नाही" असं एकोणीस वर्षांचं पोर बोलेल का? आणि बोलणार कुठं? खोली गेली, आता स्टाफरूमच्या कोपऱ्यात खुर्ची आहे म्हणे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो, तेवढा तरी प्रत्येक वर्गात आणि मुलींच्या कॉमन रूममध्ये लावा. नऊ दिवस रंकाळ्यावर बसलेली मुलगी म्हणून सांगते, त्या काळात मला कुणाचा फोन नंबरही ठाऊक नव्हता.

चौथं, शिष्यवृत्तीची खिडकी. खिडकी म्हणजे खरोखर खिडकी, एक फूट बाय दीड फूट. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी. मुलं महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरतात. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला येतो आणि तिथंच बसून राहतो. मुलाला वाटतं सरकारनं अडवलाय. खरं कारण कधी उत्पन्नाच्या दाखल्याचा अस्पष्ट फोटो, कधी आधार भलत्याच बँक खात्याला जोडलेलं, आणि कधी काहीच नाही, फक्त बघायला माणूस नाही. एकच लिपिक आहेत, तेच प्रवेश बघतात, तेच परीक्षा अर्ज. त्यांच्यावर ओरडून उपयोग नाही. मी त्यांच्या खिडकीपुढं पन्नास मिनिटं उभी होते आणि तेवढ्या वेळात त्यांनी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही.

पाचवं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणं विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी, तिनं पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायला हवा, आणि समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडं जाता यायला हवं. समितीतल्या लोकांची नावं मला आवारात कुठंही दिसली नाहीत. तक्रारपेटी दिसली. तिच्या कुलपाला गंज आहे.

आता आपण काय म्हणणार, ते मला माहीत आहे, कारण कार्यालयात एकांनी ते ऐकवलंच : "खोली होती तेव्हा तरी मुलं कुठं यायची? दिवसाला दोन-तीन." मान्य. बोर्ड वाचून आत जाणारं पोर दुर्मीळ. मी स्वतः गेले नव्हते, पाठवली गेले. ज्याला अडचण आहे तो लाजतो, आणि ज्याला अडचण दिसतच नाही तो कशाला येईल? त्या खोलीत जाणारा म्हणजे नापास किंवा डोक्यानं हललेला, असा शिक्का मुलंच मारतात. म्हणून तर पहिली भेट सगळ्यांना सक्तीची हवी. हुशारालाही, नापासालाही, मग कुणी कुणाकडं बघून हसणार नाही.

आणि पोरांनो, हे पत्र तुमच्याही हातात पडणार आहे, तर दोन शब्द तुम्हाला. सल्ला मागायलाही तयारी लागते. "सर, काय करू?" म्हणून गेलात तर "अभ्यास कर" हेच ऐकायला मिळणार. जाताना गुणपत्रिका घेऊन जा, वेळापत्रक घेऊन जा, गाडीची वेळ सांगा, घरी काम किती पडतं ते सांगा. एकच प्रश्न लिहून न्या : मला अमुक करायचंय, त्याला या विषयाचा उपयोग आहे का? पहिल्या महिन्यात जा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सरांकडंही जादूची कांडी नसते. जे सांगतील ते वहीत उतरवून घ्या आणि पंधरा दिवसांनी परत जा, नाही जमलं तरी जा. एका सरांशी नाही पटलं तर दुसऱ्यांना विचारा; ग्रंथालयातले, प्रयोगशाळेतले, कार्यालयातले लोक पुष्कळदा जास्त जाणतात. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. ती बघायला भीती वाटते, मलाही वाटली होती. आणि न भेटता भेटीची सही मागितली तर नम्रपणे म्हणा, "सर, आधी भेटूया."

आपल्या गावाला या गोष्टी नव्या नाहीत. शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात एकेका समाजाची वसतिगृहं उभी केली. दसरा चौकातून चालत गेलं की आजही त्यांची नावं वाचता येतात. खेड्यातलं पोर शाळेत घातलं म्हणजे शिकतंच असं नाही, त्याला शहरात कुठं राहायचं, काय खायचं, कुणाला विचारायचं याची सोय लागते, हे त्यांना सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं. २६ जूनला आपण महाराजांच्या प्रतिमेला हार घातलात. मी त्या दिवशी आवारातच होते. प्रतिमा जिन्याशेजारी ठेवली होती, कुलपापासून दहा पावलांवर.

मागण्या सरळ आहेत.

खोली परत द्या. ती नको असेल तर दुसरी द्या, पण दार बंद होणारी आणि कॅन्टीनसमोर नसलेली. फायलींना कुठंही जागा होते, त्यांना लाज वाटत नाही. ती रोज उघडी असावी आणि तिची वेळ गाड्या बघून ठरवावी. ऐन तासांच्या वेळी उघडून "मुलं येत नाहीत" म्हणू नये.

विषय निवडीआधी प्रत्येक प्रथम वर्षाच्या मुलाशी पंधरा मिनिटांची एक भेट व्हावी, आणि मेजर-मायनरचे परिणाम सांगणारं एक पान मराठीत छापून हातात द्यावं. एकच पान, पुस्तिका नको. रस्ते बंद असतील तेव्हा ही भेट फोनवर घ्यावी, आणि विद्यापीठाच्या मुदतीत बसेल तितकी सवलत त्या मुलांना द्यावी.

मेंटॉर कायमस्वरूपी शिक्षकांमधून नेमावेत. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना हे काम द्यायचंच असेल, तर त्या तासांचे पैसे संस्थेनं द्यावेत. भेटीची नोंद दोन प्रतींत व्हावी, एक मुलाकडं राहावी. एवढं केलं तरी खोट्या तारखा लिहिणं अवघड होईल.

पात्र समुपदेशक नेमा, ज्यांच्या हातात कुणाचेही गुण नसतील. पूर्णवेळ परवडत नसेल तर शेजारच्या दोन कॉलेजांबरोबर मिळून सुरुवात करा, पण सुरुवात करा. शिष्यवृत्तीसाठी प्रवेशाच्या दिवसांत आणखी एक माणूस द्या आणि कॉलेजच्या लॉगिनला थांबलेल्या अर्जांची यादी दर सोमवारी लावा. अर्ज क्रमांकानं लावा, नावानं नको. तक्रार समितीची नावं फाटकाजवळ लावा. आणि त्या सहा भेटींच्या नोंदी कुणी, कुणाच्या सांगण्यावरून लिहिल्या, याची चौकशी करून उत्तर द्या. कुणाला शिक्षा व्हावी म्हणून हे मागत नाही. कुण्या तासिकावाल्या सरांचा यात बळी जाणार असेल, तर ही मागणी मी मागे घेते.

आमच्या बाजूनं एक देऊ करते. माझ्या त्या वर्गातल्या अकरा जणांपैकी सात जण कोल्हापुरातच आहोत. एक तलाठी, दोघं शिक्षक, एक औषध दुकानवाला, बाकी अशाच नोकऱ्यांत. शनिवारी दुपारी आळीपाळीनं येऊन बसायला आम्ही तयार आहोत. मानधन नको. आम्ही समुपदेशकाची जागा घेणार नाही. अर्ज कसा भरायचा, छायाप्रत कशी मागवायची, कुठल्या गाडीनं कुठल्या तासाला पोचता येतं, एवढं सांगू.

येत्या सोमवारी सकाळी अकराला मी आपल्या कार्यालयात येते आहे. रजा टाकली आहे. बरोबर भाचा असेल, त्याची मेंटॉर-वही असेल. निळा बोर्ड जिमखान्याच्या मागं, मोडक्या बाकांना टेकवून ठेवलेला आहे, मी बघून आले. एक कोपरा थोडा चेपलाय, अक्षरं शाबूत आहेत. चार स्क्रू मी आणते.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी
बीएस्सी, २०१४